पांढरा घेवडा : शिजविण्याची रीत व तिचे शास्त्र

श्रावणघेवड्याची कोवळी शेंग खुडली, तर तिची फरसबी म्हणून भाजी होते. तीच शेंग झाडावर पक्व होऊन वाळू दिली, तर तिच्यातील दाणे कडधान्य म्हणून उपयोगी पडतात. हे दाणे तांबडे, काळे, चट्ट्यापट्ट्यांचे किंवा पांढरे असतात. पांढऱ्या दाण्यास बाजारात बहुधा पांढरा राजमा म्हणतात. पावटा व पांढरी चवळी ही दिसावयास काहीशी जवळची असली, तरी वनस्पती म्हणून ती निराळी आहेत. घेवड्याचे मूळ स्थान अमेरिका खंड होय. तेथे मेक्सिकोच्या बाजूस एकदा व अँडीज पर्वताच्या प्रदेशात एकदा, अशी दोन वेळा ही वनस्पती माणसाने स्वतंत्रपणे लागवडीखाली आणली. कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर ती युरोपात व पुढे आशियात पसरली.

कोरड्या दाण्यांच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 21 ते 24 ग्रॅम प्रथिने असतात. इतके सत्त्व एवढ्या स्वस्तात देणारे पदार्थ थोडेच. तथापि हे धान्य हाताळणे मुगाइतके सोपे नाही. तासभर शिजवूनही ते कधीकधी टणकच राहते आणि पुरते शिजले नाही, तर ते खाणाऱ्यास आजारी पाडते.

या दुसऱ्या गोष्टीचा विचार आधी केला पाहिजे. घेवड्याच्या कच्च्या दाण्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे एक प्रथिन असते. ते आतड्याच्या अस्तरास चिकटून त्याच्या कार्यात बिघाड करते. कच्चे किंवा अर्धकच्चे दाणे पोटात गेल्यास एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या वांत्या व मागाहून जुलाब सुरू होतात; त्यास चारपाच दाणेही पुरे होतात. पांढऱ्या दाण्यात हे द्रव्य तांबड्या राजम्यापेक्षा पुष्कळ कमी असते, पण नसते असे नाही. खळखळत्या पाण्यात दहा मिनिटांत ते निकामी होते. तरी दाण्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता निश्चित पोहोचावी म्हणून अर्धा तास उकळणे इष्ट. मंद उष्णतेवर हळूहळू शिजविणारी विजेची भांडी येथे फसवी ठरतात. त्यांतील पाणी कित्येकदा 80 अंश सेल्सिअसच्याही वर जात नाही. दाणा मऊ होतो, पण विष तसेच राहते. अशा भांड्यात घालण्यापूर्वी दाणे चुलीवर उकळून घेतलेच पाहिजेत. महाराष्ट्रात मोड आलेले मूग कच्चे खाण्याची चाल आहे. ती घेवड्यास लावू नये. मोड आल्याने हे द्रव्य नाहीसे होत नाही.

आता टणकपणाविषयी. न भिजणाऱ्या दाण्यास मराठीत गणंग म्हणतात. त्याची साल पाणी आत घेतच नाही. निरोगी दाण्यात पाणी प्रथम शिरते ते शेंगेला चिकटलेल्या बाजूच्या डोळ्यातून. म्हणूनच भिजत घातल्यावर सालीस आधी सुरकुत्या पडतात व गर मागाहून फुगतो. रात्रभर भिजल्यावर दाण्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते. ज्याचे झाले नाही, तो गणंग वेचून टाकावा.

परंतु उत्तम भिजलेला दाणाही पुष्कळदा शिजत नाही. त्याचे कारण पेशींच्या मधोमध असलेल्या पेक्टिन या द्रव्यात आहे. विटांमध्ये चुना असतो, तसे हे द्रव्य पेशींना परस्परांशी जखडून ठेवते. उष्ण पाण्यात ते विरघळू लागले, की पेशी सुट्या होतात आणि दाणा बोटचेपा होतो. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार मात्र पेक्टिनचे धागे एकमेकांस बांधून टाकतात. म्हणून विहिरीच्या दुष्फेन पाण्यात घेवडा शिजावयास वेळ लागतो. उष्ण, दमट जागी फार दिवस साठविलेल्या दाण्यात तर हा प्रकार आतल्या आतच घडतो. दाण्यातील फायटेट या संयुगाचे विघटन होऊन मोकळे झालेले क्षार पेक्टिनला जाऊन मिळतात. कोकणातील पावसाळा पाहिलेला जुना घेवडा इंधन खातो, तो यामुळे. असा माल स्वस्त मिळाला, तरी महागच पडतो.

आम्लाचा परिणामही असाच. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आरंभीच घातल्यास पेक्टिन विरघळण्याचे थांबते व पुढे कितीही आच दिली तरी दाणा हट्ट सोडत नाही. आंबट पदार्थ दाणा पूर्ण शिजल्यावरच घालावयाचा, हा घेवड्याच्या पाकक्रियेतील मुख्य नियम होय. मिठाविषयी मात्र घरोघरी जो समज आहे, तो तितकासा खरा नाही. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम मीठ घालून त्यात दाणे भिजविले, तर मिठातील सोडियम काही अंशी कॅल्शियमची जागा घेते आणि साल लवकर नरम पडते. खाण्याचा सोडा याहून जलद काम करतो; पण त्याने ब-1 जीवनसत्त्वाचा नाश होतो व चवीस साबणासारखा बुळबुळीतपणा येतो. अगदी नाइलाज झाल्याखेरीज तो वापरू नये.

भिजविलेले पाणी फेकावे की ठेवावे, हा वाद जुना आहे. त्यात काही क्षार व जीवनसत्त्वे जातात, हे खरे. परंतु दाण्यातील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्कराही थोड्याफार त्याच पाण्यात उतरतात. या शर्करा पचविणारे वितंचक माणसाच्या लहान आतड्यात नसते. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांना आंबवितात व वायू निर्माण होतो. घेवडा वातूळ म्हणतात तो याच कारणाने. एकंदरीत पाहता घेवड्याच्या बाबतीत ते पाणी टाकून ताजे घेणे अधिक शहाणपणाचे.

उघड्या पातेल्यात भिजलेला दाणा शिजण्यास साधारण एक ते दीड तास लागतो. डोंगराळ मुलखात हा काळ वाढतो. उत्तराखंडातील पिथोरागड जिल्ह्यातले मुनस्यारी हे गाव राजम्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याची उंची सुमारे 2,200 मीटर असल्याने तेथे पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळते. जेथे घेवडा उत्तम पिकतो, तेथेच तो शिजविणे कठीण, असा हा योग आहे. दाबाचे भांडे ही अडचण दूर करते. 1679 मध्ये देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनमध्ये अशा भांड्याचा पहिला नमुना दाखविला. आजच्या प्रेशर कुकरात पाण्याचे तापमान 120 अंशांपर्यंत चढते आणि भिजलेला घेवडा पाव तासात शिजतो.

निरनिराळ्या देशांतील पाककृती पाहिल्या, तर हेच नियम अनुभवाने उमगलेले दिसतात. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील कासुले या पदार्थात आधी उकळलेला घेवडा बदक किंवा डुकराच्या मांसासह मातीच्या भांड्यात घालून भट्टीत तासन्‌तास ठेवतात. वर धरलेला खरपूस पापुद्रा अधूनमधून मोडून आत दाबावयाचा असतो. अमेरिकेतील बॉस्टन शहराची रीत अधिक बोलकी आहे. तेथे उकळलेल्या दाण्यांत काकवी घालून सहा ते आठ तास मंद भट्टीत भाजतात. काकवीत आम्ल व कॅल्शियम दोन्ही असल्यामुळे इतका वेळ लोटला तरी दाण्याचा लगदा होत नाही. जो गुण आरंभी अडचणीचा, तोच येथे कामाचा ठरला. ग्रीस देशात घेवड्याचे कांदा, गाजर व ऑलिव्ह तेल घातलेले सार करतात. तुर्कस्तानात त्याचा रस्सा भाताबरोबर वाढतात. ही जोडी पोषणाच्या दृष्टीनेही योग्य आहे. घेवड्यात मेथिओनिन कमी व लायसिन विपुल, तर तांदूळ-गव्हात नेमके उलट असते.

महाराष्ट्रीय घरांत या दाण्याची उसळ करावयाची, तर कांद्याची फोडणी, शिजलेला दाणा व त्याचेच पाणी, मग गोडा मसाला व ओले खोबरे, आणि शेवटच्या कढाच्या वेळी आमसूल व गूळ असा क्रम ठेवावा. चारदोन डाव दाणे घोटून परत घातले, की रसास पिठाविना दाटपणा येतो. कोशिंबिरीसाठी दाणे अखंड हवे असल्यास ते आचेवरून उतरवून शिजलेल्या पाण्यातच निवू द्यावेत, कारण गरम दाण्यास एकाएकी वारा लागला की साल फाटते. तेल, लिंबू व मीठ दाणा कोमट असतानाच लावावे. गार झाल्यावर चव आत मुरत नाही. उरलेले दाणे उन्हाळ्यात बाहेर ठेवल्यास काही तासांतच आंबूस होतात. शीतकपाटात मात्र पाण्यासकट ठेवलेले दाणे तीन दिवस चांगले टिकतात व दुसऱ्या दिवशी अधिकच रुचकर लागतात.