पाण्याकाठचा मुक्काम : सिंगापुरात तंबू ठोकण्यापूर्वी

आपल्या समाजातील पुष्कळ घरांतील मुले आता नोकरीधंद्यानिमित्त दूरदूरच्या देशांत राहू लागली आहेत आणि त्यांच्यामागून आपणा आजी-आजोबांचाही प्रवास घडतो. गेल्या जून महिन्यात मी धाकट्या मुलाकडे सिंगापूरला गेले. सामान उघडते न उघडते तोच सूनबाईंनी बेत सांगितला. मुलांच्या शाळेला सुट्टी होती. येरुहामच्या तळ्याकाठी दोन वर्षांपूर्वी आम्ही सर्वांनी कॅरव्हान नेऊन मुक्काम केला होता, तसाच येथेही एखाद्या मोठ्या जलाशयाकाठी करावा, असे त्यांच्या मनात होते. मोठ्या नातवाला बेरशेबाची फार आठवण येते. त्याचे मन रमावे हा त्यामागील खरा हेतू.

कॅरव्हान हा शब्द ऐकला की मला अजूनही हसू येते. आमच्या पिढीला त्या शब्दाने सहल आठवत नाही, नव्या ओलीमना मिळणारे तात्पुरते घर आठवते. आमच्या आईने तर पहिली दोन वर्षे लाकडी झोपडीत संसार केला. नळ बाहेर, सामाईक. पैसे मोजून तंबूत झोपायला जायचे, हे तिला कोणी सांगितले असते तर तिने सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले असते!

असो. बेताची पहिली अडचण गाडीची निघाली. सिंगापूर हे सुमारे ७३० चौरस किलोमीटरांचे बेट. रस्त्यावर वाहनांची गर्दी होऊ नये म्हणून १९९० पासून तेथे मोटार घेणाऱ्यास प्रथम सरकारी हक्कपत्र घ्यावे लागते. ते दहा वर्षांपुरते असते आणि त्याची किंमत कित्येकदा मोटारीच्या मूळ किमतीहूनही अधिक भरते. अशा ठिकाणी वर्षातून चार वेळा बाहेर काढण्यासाठी कोणी घरासारखी गाडी बाळगत नाही. तेव्हा कॅरव्हानचे नाव सोडून तंबूवर यावे लागले.

दुसरी अडचण मात्र जिव्हारी लागली. मुलाने नातवंडांना मॅकरिची जलाशयाकाठी रात्र काढण्याचे वचन देऊन टाकले होते. आम्ही रविवारी सकाळी जागा पाहण्यास गेलो. १८६८ साली बांधलेला हा तेथील सर्वांत जुना जलाशय; सभोवती दाट जंगल, काठाने लाकडी पायवाट, झाडांवर लांब शेपटीची माकडे. जागा पाहून डोळे निवले. परंतु जलाशयाच्या बागांत तंबू ठोकून राहण्यास मनाई आहे आणि लगतचे राखीव जंगल सायंकाळी सात वाजता बंद होते. पोहण्यासही बंदी. हे घरून निघण्यापूर्वी पाहावयास हवे होते. तो दोष आमचाच.

नातू रुसला. परतताना बसमध्ये त्याने हिब्रूत मला विचारले, "आजी, आपल्याकडे वाळवंट आहे तरी तळ्याकाठी झोपता येते. इथे एवढे पाणी आहे, मग का नाही?"

प्रश्न लहान मुलाचा असला तरी मला त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. रात्री मुलाशी बोलत बसले तेव्हा उलगडा झाला. सिंगापुरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. येरुहामला पडतो शंभराच्या आसपास. तरीही तहानेची भीती सिंगापूरला आहे, कारण पडलेले पाणी साठविण्यास त्या बेटावर जागा नाही. सतरा जलाशय आहेत, आणि देशाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश भूमीवर पडणारा पाऊस गटारे-नाल्यांवाटे त्यांच्यातच आणून सोडला जातो. म्हणजे ज्या काठावर आम्ही चूल पेटविणार होतो तो उद्याच्या पिण्याच्या पाण्याचा काठ. येरुहामचे तळे १९५० नंतरच्या दशकात ओढ्याला बांध घालून झाले. हिवाळ्यातील पुराचे पाणी त्यात अडते, पण घरचा नळ त्यावर चालत नाही. म्हणून तेथे काठाशी निजण्याची चैन परवडते.

सिंगापूरकरांची ही काळजी अनुभवातून आलेली आहे. ३१ जानेवारी १९४२ रोजी माघार घेणाऱ्या ब्रिटिश सैन्याने जोहोरकडचा सेतुमार्ग सुरुंगाने उडविला, तेव्हा त्याच्यावरून येणारा पाण्याचा नळही तुटला. पुढे जपानी सैन्य जलाशयांपर्यंत पोचले आणि १५ फेब्रुवारीच्या शरणागतीमागे पाण्याची टंचाई हेही एक कारण होते. १९६३ साली पाऊस रुसला तेव्हा सुमारे दहा महिने पाणी मोजूनमापून मिळाले. आजही जोहोरमधून दिवसाला २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेण्याचा १९६२ चा करार चालू आहे. तो २०६१ साली संपेल. त्यापूर्वी स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून २००३ पासून सांडपाणी अत्यंत शुद्ध करून पुन्हा वापरात आणले गेले, आणि २००५ साली समुद्राचे पाणी गोडे करणारा पहिला मोठा कारखाना निघाला. आपल्या अश्केलोनचा कारखानाही त्याच वर्षीचा!

हे सारे मी नातवाला माझ्या मोडक्या हिब्रूत आणि त्याच्या मोडक्या मराठीत सांगितले. आईच्या झोपडीबाहेरील नळाची गोष्टही सांगितली: रांग कशी लागे, भांडी धुतलेले पाणी ती कोथिंबिरीच्या वाफ्याला कशी घाली. त्याने ऐकून घेतले. रुसवा अर्धाच गेला.

मग नवा बेत ठरला. दिवस मॅकरिचीला, रात्र समुद्रकाठी. पासिर रिस आणि ईस्ट कोस्ट या समुद्रकाठच्या बागांत ठरलेल्या जागी तंबू ठोकता येतो. परवाना मात्र आगाऊ काढावा लागतो आणि एका महिन्यात चार दिवसांहून अधिक मिळत नाही. आम्ही पासिर रिस पसंत केले, कारण मेट्रो तेथपर्यंत जाते आणि माझे गुडघे फार चालू देत नाहीत. याच कारणास्तव जंगलातील अडीचशे मीटरचा झुलता पूल मी सोडून दिला. त्यासाठी एकंदर दहा किलोमीटरांच्या आसपास पायपीट होते. जाणाऱ्यांनी तो त्या दिवशी खुला आहे ना, याची आधी खात्री करावी.

वार रविवार धरला. शब्बाथ पाळणाऱ्यांस सिंगापुरात एक सोय आहे: विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्य बारा महिने सातच्या आसपासच मावळतो, घड्याळाची ओढाताण नाही. कोशेर मांसासाठी वॉटर्लू स्ट्रीटवरील १८७८ च्या मागेन अबोथ सिनेगॉगशेजारी विचारणा करावी. बागेत उघड्यावर शेकोटी करता येत नाही. भाजण्यासाठी बांधलेल्या भट्ट्या असतात, त्यांची नोंदणी वेगळी. त्या भट्टीवर आधी काय भाजले गेले असेल ते सांगता येत नाही, म्हणून आपली जाळी घरून न्यावी. सूनबाईंनी हे ऐकले नसते तर बरे, असे मला वाटले, कारण तिने जाळीसोबत अर्धे स्वयंपाकघर बांधून घेतले. मी लिटल इंडियातून पोहे आणि नारळ आणले. मलिदा कोठेही होतो.

दोन गोष्टी विशेष सांभाळाव्यात. दुपारनंतर विजांसह पाऊस अचानक कोसळतो, तेव्हा एकट्या उंच झाडाखाली तंबू लावू नये. आणि बादलीत, ताडपत्रीच्या घडीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. पिण्याचे पाणी मात्र बाटल्या भरून न्यावे लागत नाही, नळाचे निर्धास्त प्यावे. मी सवयीने सहा बाटल्या नेल्याच.

पाऊस पहाटे तीन वाजता आला. तासभर कोणीच झोपले नाही. मधला खांब मुलाने धरला, कडेचा नातवाने. सकाळी ओला तंबू गुंडाळताना नातवाने परवान्याचा हिशोब काढला. रविवार एक, सोमवार दोन. म्हणजे या महिन्याचे दोन दिवस अजून शिल्लक होते.