एस्तेलादा : कॅटलोनियाचा ताऱ्याचा झेंडा

स्पेनपासून वेगळं होऊ पाहणारे कॅटलन लोक मोर्चात फडकवतात तो झेंडा म्हणजे एस्तेलादा. पिवळ्यावरचे चार तांबडे पट्टे मध्ययुगीन राजचिन्हातले. ते कॅटलोनियाच्या अधिकृत झेंड्यावरही आहेत. स्वातंत्र्याची मागणी बोलते ती काठीलगतच्या निळ्या त्रिकोणातून आणि त्यातल्या पांढऱ्या ताऱ्यातून. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिसेन्स आल्बर्ट बालेस्टर यांनी हा झेंडा तयार केला, तो क्यूबाचा झेंडा डोळ्यांपुढे ठेवून. क्यूबा १८९८ मध्ये स्पेनच्या हातून गेला होता. त्याचाच तारा उचलणं ही मला फार धारदार राजकीय निवड वाटते. पुढे डाव्या गटांनी पिवळ्या त्रिकोणात तांबडा तारा आणला. २०१६ मध्ये माद्रिदमधल्या फुटबॉल अंतिम सामन्यासाठी एस्तेलादावर घातलेली बंदी न्यायालयाने उठवली.