गुडघ्यामागचा ठोका

वयस्कांचा गुडघा दुखू लागला की पहिला संशय संधिवातावर जातो आणि पहिला उपाय म्हणून कोमट तेलाचे मर्दन सुरू होते. बहुतेक वेळा त्यात वावगे काही नसते. परंतु गुडघ्यामागील खळग्यात, म्हणजे लवणीत, गाठ हाताला लागत असेल आणि ती नाडीप्रमाणे ठोके देत असेल, तर मर्दन तत्काळ थांबवावे. ती गाठ रक्तवाहिनीची असू शकते.

मांडीतून येणारी मुख्य धमनी या लवणीतून पोटरीकडे उतरते. तिचा व्यास सामान्यतः एक सेंटिमीटरहून कमी असतो. भिंत दुबळी होऊन ती दीडपटीहून अधिक फुगली, की त्या फुगवट्यास ॲन्युरिझम म्हणतात. पायातील धमन्यांचे फुगवटे सर्वाधिक याच जागी आढळतात आणि ते प्रामुख्याने साठी उलटलेल्या पुरुषांना होतात. धूम्रपान व उच्च रक्तदाब हे त्यांचे जुने सोबती होत.

हा फुगवटा फुटेल अशी भीती रुग्णास वाटते. प्रत्यक्षात तो क्वचितच फुटतो. खरा धोका निराळा आहे. फुगलेल्या भागात रक्त साकळते, त्याच्या गुठळ्या सुटून पोटरीतील लहान धमन्या बुजवितात आणि एखाद्या दिवशी मुख्य प्रवाहच थांबतो. पाऊल अकस्मात थंड, पांढुरके व बधिर झाले, असह्य कळा येऊ लागल्या, तर हाती जेमतेम सहा तास असतात, असे समजावे. अशा वेळी शेक देऊ नये, चोळू नये, सकाळची वाट पाहू नये. रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे.

पूर्वी या विकारात पाय कापण्याची पाळी येत असे. सन 1785 मध्ये लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात जॉन हंटर यांनी एका घोडागाडीवानाच्या मांडीतील धमनी बांधून त्याचा पाय वाचविला. आज त्यापुढे जाऊन रक्ताला नवी वाट करून दिली जाते. रुग्णाच्याच पायातील शीर काढून तिने फुगवट्याच्या वरची व खालची निरोगी धमनी जोडतात आणि फुगवटा प्रवाहातून वगळतात. यास बायपास म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत जांघेतून नळी घालून, कापडी अस्तराचा स्टेंट फुगवट्यात आतून बसवितात. त्यात जखम लहान व विश्रांती थोडी. मात्र गुडघा सतत वाकत असल्याने स्टेंट दुमडण्याची वा बंद पडण्याची शक्यता उरते. स्वतःची चांगली शीर उपलब्ध असल्यास बायपास दीर्घकाळ टिकतो.

"या वयात चिरफाड कशाला?" हा कुटुंबीयांचा प्रश्न स्वाभाविक आहे. फुगवटा लहान असेल, आत गुठळी नसेल, तर ठरावीक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवणे योग्यच. तो दोन सेंटिमीटरहून मोठा झाला, किंवा लहान असूनही आत गुठळी वा पायात त्रास दिसला, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. पूर्वतयारीने, हृदय व मूत्रपिंड तपासून केलेली शस्त्रक्रिया आणि प्रवाह थांबल्यावर मध्यरात्री करावी लागणारी शस्त्रक्रिया यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या वेळी पाय गमावण्याचा धोका कितीतरी अधिक असतो. अतिशय क्षीण प्रकृतीच्या रुग्णाचा निर्णय मात्र चिकित्सकांशी बोलून, त्याची स्वतःची इच्छा विचारूनच घ्यावा.

एका पायात फुगवटा आढळल्यास दुसरा पाय व पोटातील महाधमनीही तपासून घ्यावी. सुमारे निम्म्या रुग्णांत दोन्ही पाय बाधित असतात, आणि पोटातील फुगवटा फुटणे प्राणघातक ठरू शकते.

शस्त्रक्रियेनंतर शुश्रूषा करणाऱ्यांनी रोज दोन्ही पावलांचा रंग व ऊब ताडून पाहावी. रक्त पातळ ठेवणारी गोळी वैद्यकीय सल्ल्याविना बंद करू नये. तंबाखू कायमची सोडावी, रोज थोडे चालावे आणि ठरलेल्या तारखेची सोनोग्राफी चुकवू नये.