टरफल आणि दाणा

विषाणूचे प्रथिन हाताळताना ते अंगावर सांडले किंवा सुई बोटात गेली, तर रोग होतो का? प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो. ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या उदाहरणाने तो नीट समजतो.

विषाणूचे दोन मुख्य भाग असतात. आत डीएनए किंवा आरएनए, म्हणजे नवे विषाणू घडवण्याचा आराखडा आणि बाहेर प्रथिनांचे कवच. भुईमुगाचे टरफल पेरून रोप उगवत नाही. त्याला दाणाच लागतो. तसेच नुसते प्रथिन शरीरात गेले तरी त्यापासून विषाणू तयार होत नाही.

याचा पुरावा आपल्या दंडातच आहे. १९८६ साली अमेरिकेत ‘ब’ काविळीची नवी लस आली. तिच्यात विषाणूच्या कवचाचे एकच प्रथिन असते आणि तेही यीस्टमध्ये तयार केलेले. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने अशी लस भारतात बनवली. प्रौढांना एका वेळी साधारण २० मायक्रोग्रॅम प्रथिन मुद्दाम टोचतात. दंड दुखतो, क्वचित ताप येतो. तीव्र ॲलर्जी फारच विरळा. लसीनंतर काही दिवस रक्ततपासणीत हे प्रथिन दिसू शकते, पण तो आजार नव्हे.

मग प्रत्येक प्रथिन निरुपद्रवी का? तसे नाही. रोटाव्हायरसचे ‘एनएसपी-४’ हे नुसते प्रथिन देऊनही उंदरांच्या पिलांना जुलाब झाल्याचे १९९६ मध्ये दिसले. मात्र असा परिणाम मात्रेवर अवलंबून असतो. प्रथिन शरीरात वाढत नाही आणि दुसऱ्याला लागण करत नाही.

खरा धोका असतो तो प्रथिनासोबत काय आहे याचा. रुग्णाच्या रक्तात हेच प्रथिन सापडले, तर तिथे विषाणूही असल्याची ती खूण असते. अशा रक्ताची सुई लस न घेतलेल्या परिचारिकेला टोचली, तर १०० पैकी ६ ते ३० वेळा लागण होऊ शकते. अशा वेळी जखम पिळू नये. साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच डॉक्टरांना सांगावे. लस आणि गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो २४ तासांच्या आत मिळायला हवे.

म्हणून बाटलीतल्या शुद्ध प्रथिनाबाबत काळजी घ्यावी, घाबरू नये. रक्ताच्या सुईबाबत मात्र एक दिवसही दवडू नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)