डीएनए अडखळतो कुठे? यीस्टला विचारा!

आजोबांचे हात साठीनंतर थरथरू लागतात, चालताना तोल जातो. त्यांच्या मुलीची पाळी चाळिशीच्या आतच थांबते. तिचा मुलगा उशिरा बोलतो, शाळेत मागे पडतो, डोळ्याला डोळा देत नाही. घरच्यांच्या लेखी ही तीन वेगळी दुखणी असतात. डॉक्टर तीन, फाइलीही तीन. पण काही कुटुंबांत या तिन्हींचे मूळ एकच असते. एक्स गुणसूत्रावरच्या ‘एफएमआर-१’ या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा लिहिला गेलेला असतो.

डीएनएची भाषा ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांची. या जनुकाच्या सुरुवातीला ‘सीजीजी’ हा तुकडा पाठोपाठ येतो. बहुतेकांत तो ४५ पेक्षा कमी वेळा असतो. ५५ ते २०० वेळा असल्यास व्यक्ती ‘वाहक’ ठरते. आजोबांचा कंप आणि लेकीची लवकर थांबलेली पाळी याच टप्प्यातली. आईकडून मुलाकडे जाताना ही साखळी लांबते आणि २०० च्या पुढे गेली, की जनुक बंदच पडते. मग ‘फ्रॅजाइल एक्स’ हा आजार होतो. आनुवंशिक बौद्धिक अक्षमतेच्या कारणांत त्याचा क्रमांक वरचा आहे. साधारण चार ते सात हजार मुलग्यांमागे एकाला तो असतो.

‘फ्रॅजाइल’ म्हणजे ठिसूळ. १९६९ मध्ये हर्बर्ट लब्ज यांना अशा एका कुटुंबातील पुरुषांच्या एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ सूक्ष्मदर्शकाखाली एक फट दिसली. टोक तुटून लोंबकळत असल्यासारखे ते दिसत होते. ती फट कधी दिसे, कधी दिसत नसे. पेशी वाढवण्याच्या द्रवात फॉलिक आम्ल कमी असेल तरच ती दिसते, हे १९७७ मध्ये ग्रँट सदरलंड यांनी दाखवले. त्या जागी सीजीजीची साखळी आहे, हे १९९१ मध्ये कळले.

पाठोपाठ अशा आजारांची यादी वाढत गेली. हंटिंग्टन आजारात ‘सीएजी’ हा तुकडा ४० किंवा अधिक वेळा असतो. फ्रीडरिक अटॅक्सियात ‘जीएए’ शेकडो वेळा येतो, तर स्नायूंच्या मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत ‘सीटीजी’ हजारांच्या घरातही जातो. भारतात अगरवाल समाजातील काही कुटुंबांत आढळणारा ‘एससीए-१२’ हा हात कापण्यापासून सुरू होणारा आजारही याच गटातला. यांपैकी अनेक आजारांत साखळी पिढीगणिक लांबते. त्यामुळे आजार लवकर सुरू होतो आणि अधिक तीव्र होतो.

पण साखळी लांबते का? रामनामाची वही लिहिणाऱ्या कोणालाही विचारा. वेगवेगळ्या शब्दांचा मजकूर उतरवताना सहसा गोंधळ होत नाही. एकच शब्द ओळीमागून ओळ लिहिताना मात्र मोजणी चुकते. कुठे एक जास्त पडतो, कुठे एक राहून जातो. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणाही अशीच चुकते. हे पेशीत प्रत्यक्ष पाहायचे, तर माणसावर प्रयोग करता येत नाहीत. उंदरांच्या पिढ्यांसाठी महिने लागतात. म्हणून शास्त्रज्ञ वळले पाव फुगवणाऱ्या यीस्टकडे.

यीस्ट एकपेशीय असले, तरी त्याचा डीएनए आपल्यासारखाच केंद्रकात, गुणसूत्रांत गुंडाळलेला असतो. त्याची १६ गुणसूत्रे आणि सुमारे सहा हजार जनुके १९९६ मध्येच संपूर्ण वाचून झाली. पेशी दीड तासात दुप्पट होतात. डीएनएची नक्कल आणि दुरुस्ती करणारी त्याची अनेक प्रथिने आपल्या प्रथिनांची जवळची नातलग आहेत. शिवाय हवे ते जनुक काढता येते, हवे ते घालता येते.

१९९८ मध्ये कॅथरीन फ्रॉयडनराइख आणि व्हर्जिनिया झेकियन यांच्या गटाने यीस्टच्या गुणसूत्रात सीटीजीची साखळी घातली. साखळी जितकी लांब, तितके गुणसूत्र तिथे जास्त तुटते, असे दिसून आले. दोन वर्षांनी सीजीजीच्या साखळीबाबतही तेच दिसले. यीस्टला ना मेंदू, ना हा आजार. तरीही ठिसूळपणा तसाच राहिला. म्हणजे दोष त्या साखळीतच होता.

गुणसूत्र तुटले हे मोजायची युक्ती साधी आहे. कृत्रिम गुणसूत्रावर साखळी घालतात आणि तिच्या पलीकडे, टोकाच्या बाजूला ‘युरा-३’ हे जनुक ठेवतात. हे जनुक असलेली पेशी ‘५-एफओए’ नावाच्या रसायनावर मरते. साखळीपाशी गुणसूत्र तुटले, तर टोकासोबत हे जनुकही जाते आणि ती पेशी जगते. मग बशीतल्या वसाहती मोजायच्या. जितक्या वसाहती जास्त, तितके तुटण्याचे प्रमाण जास्त. यीस्टचे एकेक जनुक काढून हीच मोजणी पुन्हा केली, की साखळीचे रक्षण कोणते प्रथिन करते ते कळते.

अशा प्रयोगांतून चित्र स्पष्ट होत गेले. नक्कल करताना डीएनएचे दोन धागे सुटे होतात. साखळीचा सुटा धागा स्वतःवरच दुमडून केसांच्या पिनेसारखा आकडा बनवतो. चेनमध्ये कापड अडकावे तशी नक्कल तिथे अडते. आकड्यावरून पुढे गेल्यास साखळी आखडते किंवा लांबते, आणि सोडवणूक झालीच नाही तर धागा तुटतो. यीस्टमधले ‘एसआरएस-२’ हे प्रथिन असे आकडे उलगडते. माणसात तेच काम ‘आरटीईएल-१’ करते, असे पुढे आढळले. साखळीत मध्येच एखादे वेगळे अक्षर आले, की ती स्थिर राहते, हेही यीस्टमध्ये दिसले. फ्रॅजाइल एक्सच्या वाहक स्त्रियांतही असेच असते. सीजीजीमध्ये ‘एजीजी’चे खंड असतील, तर मुलात साखळी लांबण्याची शक्यता कमी होते.

यीस्टचा सर्वांत मोठा दाखला मात्र कर्करोगाचा. १९९३ मध्ये टॉमस पीट्स आणि सहकाऱ्यांनी यीस्टमधली नक्कल-चुका सुधारणारी जनुके बिघडवली. लहान पुनरावृत्तींची अस्थिरता शंभर ते सातशे पटींनी वाढली. त्याच वर्षी आतड्याच्या काही आनुवंशिक कर्करोगांत अशीच अस्थिरता दिसली होती. तिथेही हीच जनुके बिघडलेली असावीत, असा अंदाज यीस्टच्या अभ्यासकांनी मांडला. वर्षअखेरीस माणसातले ‘एमएसएच-२’ सापडले आणि अंदाज खरा ठरला. आज ‘लिंच सिंड्रोम’ असलेल्या कुटुंबांत या जनुकांची तपासणी करून वेळेआधीच कोलोनोस्कोपी सुरू केली जाते.

हंटिंग्टनसारख्या आजारांत मात्र गोष्ट उलटी फिरते. एमएसएच-२ आणि त्याचा जोडीदार एमएसएच-३ हे केसपिनेला चूक समजून दुरुस्तीला जातात आणि त्या खटाटोपात साखळी आणखी लांबवतात. हजारो रुग्णांच्या जनुकीय अभ्यासातही आजार कधी सुरू होणार, यावर दुरुस्तीच्या जनुकांचा प्रभाव दिसला. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, मेंदूतल्या विशिष्ट पेशींत साखळी आयुष्यभर सावकाश लांबते आणि सुमारे १५० च्या पुढे गेल्यावर पेशीचा ऱ्हास होतो. म्हणूनच एमएसएच-३ ला आवर घालणाऱ्या औषधांवर सध्या काम चालू आहे. साखळी लांबणे थांबवता आले, तर आजार लांबणीवर टाकता येईल, अशी त्यामागची आशा आहे.

यीस्टच्या मर्यादाही आहेत. मेंदूच्या पेशी विभागत नाहीत, यीस्टच्या सतत विभागतात. यीस्टमध्ये साखळी लांबण्यापेक्षा आखडतेच जास्त. त्यामुळे तिथला निष्कर्ष मानवी पेशींत आणि उंदरांत पडताळावाच लागतो.

या आजारांवर आज मुळापासून उपचार नाहीत, पण निदान आहे. नेहमीच्या गुणसूत्र तपासणीत फ्रॅजाइल एक्स निसटू शकतो; त्यासाठी एफएमआर-१ ची स्वतंत्र डीएनए चाचणी करावी लागते. मुलाच्या विकासात विलंब असेल आणि आईच्या माहेरी कंप किंवा लवकर पाळी जाण्याचा इतिहास असेल, तर तो बालरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगावा आणि जनुकीय समुपदेशन घ्यावे. आईला दोष देण्याचे कारण नाही. ही साखळी तिलाही न विचारताच मिळालेली असते. पुढच्या बाळाचा निर्णय मात्र माहितीनिशी घेता येतो, आणि मामा-मावशींनाही वेळीच सावध करता येते.