पहिले पुस्तक कोणते घ्यावे?

गेल्या जून महिन्यात प्रथम वर्ष वाणिज्य शाखेतील एक विद्यार्थी प्राध्यापक-कक्षाच्या दाराशी घुटमळताना दिसला. हातात खाकी वेष्टनातले जाडजूड पुस्तक होते. संगणकाची 'पायथन' ही भाषा शिकण्यासाठी त्याने ते जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणले होते. "सर, दोन दिवस खटपट केली. पहिलेच उदाहरण चालत नाही. हा विषय माझ्या कुवतीबाहेरचा दिसतो," असे तो म्हणाला.

पुस्तक उघडून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. ते पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीवर लिहिलेले होते आणि मुलाच्या संगणकावर तिसरी आवृत्ती होती. ही तिसरी आवृत्ती २००८ साली आली. दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून कायमची थांबली. जुन्या आवृत्तीत 'प्रिंट' या आज्ञेनंतर कंस लागत नसे, नव्या आवृत्तीत तो अनिवार्य आहे. दोन कंसांचा हा प्रश्न. पण मुलाने दोष पुस्तकाला न देता स्वतःच्या बुद्धीला दिला होता.

हा दोष एकट्या त्या मुलाचा नव्हे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धांत मांडला. विकणाऱ्याला मालाची पारख असते, घेणाऱ्याला नसते. अशा बाजारात चांगला माल हळूहळू मागे पडतो. या विचारासाठी २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. नवशिक्याची अवस्था या ग्राहकासारखीच असते. किंबहुना ती अधिक बिकट असते, कारण पुस्तक चांगले की वाईट हे ठरविण्यासाठी जे ज्ञान लागते, तेच मिळविण्यासाठी तो पुस्तक घेत असतो. मग तो पानांची संख्या पाहतो, मुखपृष्ठ पाहतो, नाही तर कोणा ज्येष्ठाने घेतलेले नाव आठवतो.

ज्येष्ठांचा सल्लाही पुष्कळदा फसवा ठरतो. 'सी' भाषेवरील ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्याची १९८८ ची दुसरी आवृत्ती जेमतेम पावणेतीनशे पानांची आहे. त्या भाषेवर तितके नेटके पुस्तक क्वचितच सापडेल, आणि म्हणूनच जाणकार ते हमखास सुचवितात. परंतु वाचकाला आज्ञावली-लेखनाच्या प्राथमिक कल्पना ठाऊक आहेत असे आपण गृहीत धरले आहे, हे ग्रंथकारांनी प्रस्तावनेतच सांगून ठेवले आहे. प्रस्तावना न वाचता ते नवशिक्याच्या हाती देणे म्हणजे मुळाक्षरे गिरविणाऱ्याला व्याकरणाचा ग्रंथ देणे होय. उलट नागपूरच्या यशवंत कानेटकरांची 'सी'वरील पुस्तके आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरली. वाचक अगदी पहिल्या पायरीवर उभा आहे हे ध्यानात ठेवून ती लिहिलेली आहेत, हे त्यामागील एक कारण आहे.

तेव्हा 'सर्वोत्तम पुस्तक कोणते' हा प्रश्नच अपुरा आहे. ते कोणासाठी लिहिले आहे, हे आधी विचारावयास हवे. त्यासाठी चार साध्या कसोट्या पुरतात. पहिली, प्रस्तावनेत गृहीत धरलेला वाचक आपण आहोत काय? दुसरी, पुस्तकातील भाषेची आवृत्ती आणि आपल्या संगणकावरील आवृत्ती जुळते काय? तिसरी, प्रकरणाच्या शेवटी स्वतः सोडविण्याजोगे प्रश्न आहेत काय? चौथी आणि निर्णायक, एक प्रकरण वाचून त्यातील उदाहरणे स्वतःच्या हाताने टंकून ती चालविता येतात काय? या शेवटच्या कसोटीस पैसेही लागत नाहीत. ॲलन डाउनी यांचे 'थिंक पायथन' आणि ॲल स्वाइगार्ट यांचे 'ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन' ही दोन्ही पुस्तके लेखकांनीच महाजालावर विनामूल्य वाचावयास ठेवली आहेत. दुसरे तर कचेरीतील कंटाळवाणी कामे संगणकाकडून करवून घेण्यासाठीच आहे. कारकून बंधुभगिनींनी ते अवश्य चाळावे.

पुस्तक न जुळल्यास ते सोडण्याचे धैर्यही हवे. त्यात घातलेले पैसे परत येणार नाहीत. त्यांच्यापायी आणखी महिना घालविणे हा दुहेरी तोटा होय. मात्र जुळलेले पुस्तक अर्धवट टाकून दुसऱ्याच्या मागे धावणे हाही तितकाच मोठा अपव्यय आहे.

यंत्रच आता मागेल ती आज्ञावली लिहून देते, मग पुस्तक कशाला, असे काही जण विचारतील. पाचाला दोनने भागले असता पायथनची जुनी आवृत्ती दोन असे उत्तर देई, नवी अडीच देते. दोन्ही वेळा यंत्र तक्रार करीत नाही. सरासरी चुकली आहे हे ज्याला ओळखता येते, त्यानेच यंत्राचा आधार घ्यावा. ती ओळख क्रमाने, सावकाश वाचण्यातून येते.

शेवटी एक विनंती ग्रंथालयांना. ज्या भाषांच्या आवृत्त्या कालबाह्य झाल्या, त्यांवरील पुस्तकांचे रीतसर निर्लेखन करावे. ते शक्य नसेल तर निदान आतील पानावर आवृत्तीचा ठळक शिक्का तरी मारावा. त्या मुलाला दुसरे पुस्तक दिले, तेव्हा तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या घरखर्चाचा हिशेब संगणकावर मांडून घेऊन आला. परंतु तो दाराशी थांबला म्हणून हे घडले. न थांबता परत गेलेल्यांचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही.