साथीची चक्रवाढ : १९१८ ची मानमोडी देशभर कशी पसरली?

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या पोलीस रुग्णालयात सात शिपाई तापाने दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. त्यांच्यापैकी एकाची नेमणूक गोदीवर होती, ही बाब त्या दिवशी कोणाला विशेष वाटली नसावी. पहिले महायुद्ध अद्याप चालू होते आणि सैनिकांची ने-आण करणारी जहाजे मुंबई बंदरात सतत लागत असत. पुढच्या दहा दिवसांत गोदीतील कामगार, एका बँकेतील कर्मचारी, तारखाते, टांकसाळ आणि गिरणी असा या तापाचा प्रवास झाला. जिथे माणसे एका छताखाली जवळजवळ बसून काम करीत, तिथे तो प्रथम पोहोचला.

हा इन्फ्लुएन्झा होता. महाराष्ट्रातील जुनी माणसे त्याला 'मानमोडी' म्हणत. वर्ष संपण्यापूर्वी या साथीने देशाचा कानाकोपरा गाठला. हिंदुस्थानात तिने किती बळी घेतले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तथापि बहुतेक अंदाज सव्वा कोटी ते एक कोटी ऐंशी लाख यांच्या दरम्यान आहेत. आजच्या भारताच्या हद्दीपुरती लोकसंख्या १९११ च्या जनगणनेत सुमारे २५ कोटी २१ लाख होती. १९२१ मध्ये ती सुमारे २५ कोटी १३ लाख भरली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, असे आपल्या जनगणनेच्या इतिहासात केवळ या एकाच दशकात घडले.

सात शिपायांपासून कोट्यवधींपर्यंत हा पल्ला कसा गाठला गेला, याचे उत्तर समजून घेणे केवळ इतिहासासाठी आवश्यक नाही. श्वसनमार्गाने पसरणारी प्रत्येक साथ थोड्याफार फरकाने हाच मार्ग धरते.

चक्रवाढीचे गणित

इन्फ्लुएन्झाचा विषाणू खोकताना, शिंकताना, किंबहुना नुसते बोलतानाही बाहेर पडणाऱ्या तुषारांतून पसरतो. कोंदट खोलीत त्याचे सूक्ष्म कण काही काळ हवेत तरंगत राहतात. लागण झाल्यापासून साधारण दोन दिवसांत ताप येतो. परंतु ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच ती व्यक्ती इतरांना आजार देऊ शकते. अर्थात, आपण आजारी आहोत हे कळण्यापूर्वीच देवाणघेवाण झालेली असते.

एक रुग्ण सरासरी दोघांना आजार देतो आणि एका फेरीस साधारण तीन दिवस लागतात, असे धरू. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहा फेऱ्यांनंतर, म्हणजे महिनाभरात, नव्या रुग्णांचा आकडा १,०२४ होतो. वीस फेऱ्यांनंतर, म्हणजे दोन महिन्यांत, तो १० लाख ४८ हजारांच्या पुढे जातो. मुदत ठेवीवरील चक्रवाढ व्याजाचा हिशेब ज्यांनी मांडला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. पहिली काही वर्षे रक्कम फारशी वाढलेली दिसत नाही. शेवटी मात्र ती डोळे दिपवते.

आता व्याजाचा दर किंचित कमी करून पाहावा. एका रुग्णाने दोघांऐवजी सरासरी दीड जणालाच आजार दिला, तर वीस फेऱ्यांनंतरचा आकडा दहा लाखांवरून सुमारे ३,३०० वर येतो. दर एकाहून खाली गेला, तर साथ आपोआप विझू लागते. दरातील लहानसा फरक अखेरच्या शिलकेत केवढा मोठा ठरतो, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

ही वाढ अखंड चालू राहत नाही. अर्ध्या लोकांना आजार होऊन गेला आणि त्यांच्यात प्रतिकारशक्ती आली, की रुग्णाला भेटणाऱ्या दोघांपैकी एक जण आधीच सुरक्षित असतो. मग दर एकावर येतो आणि लाट ओसरू लागते. तरीही तोवर आजारी पडलेल्यांकडून आणखी अनेकांना लागण होतेच. १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोघा संशोधकांनी साथींच्या चढउताराचे गणिती सूत्र मांडले. ते पडताळण्यासाठी त्यांनी जे आकडे घेतले, ते मुंबईत १९०५-०६ साली प्लेगने झालेल्या मृत्यूंचे होते. जगभरच्या साथशास्त्राचा पाया घालणाऱ्या लेखात मुंबईच्या दुःखाचा हिशेब नोंदलेला आहे.

रेल्वेची वाट

साथ माणसाच्या पायांनी चालते. १९१८ मध्ये ते पाय रेल्वेचे होते. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग कल्याणला दुभंगतो. एक फाटा बोरघाट चढून पुणे, सोलापूर, रायचूरमार्गे मद्रासच्या दिशेने जातो. दुसरा कसाऱ्याचा घाट ओलांडून नाशिक, भुसावळ आणि पुढे नागपूर व जबलपूरकडे वळतो. गुजरातकडे तिसरी वाट होती. तिसऱ्या वर्गाच्या खचाखच भरलेल्या डब्यांतून गिरणीकामगार, शिपाई आणि व्यापारी आपापल्या गावी जात. स्थानकावरून आजार बाजारपेठेत, बाजारपेठेतून आठवड्याच्या बाजारात आणि तिथून खेड्यात गेला. तत्कालीन आरोग्य अधिकाऱ्यांनीही रेल्वेचा हा वाटा आपल्या अहवालांत नोंदवला आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. आगगाडी मुंबईहून कलकत्त्याला दोन दिवसांत पोहोचत असे. मग सप्टेंबरमध्ये मुंबई इलाख्यात उसळलेली लाट बंगालमध्ये शिगेला पोहोचण्यास नोव्हेंबर-डिसेंबर का उजाडला? याचे उत्तर पुन्हा चक्रवाढीत आहे. बीज लवकर पोहोचते. परंतु प्रत्येक गावात त्याला पहिल्या फेरीपासून सुरुवात करावी लागते. रुग्णालये भरण्यापूर्वी कित्येक आठवडे आजार त्या गावात निमूटपणे वाढत असतो. लाट जसजशी पूर्वेकडे सरकली, तसतसा मृत्यूंचा दरही कमी होत गेल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. सर्वाधिक तडाखा पश्चिम आणि मध्य भारताला बसला.

विसाव्याचे दिवस

जून-जुलैची पहिली लाट तुलनेने सौम्य होती. ३ जुलै रोजी मुंबईत सुमारे २३० मृत्यू झाले आणि त्यानंतर आकडा उतरू लागला. गिरण्या पूर्ववत सुरू झाल्या, बाजार भरले, संकट टळले असे सर्वांना वाटले. आजार जहाजातून शहरात आला की शहरातून जहाजावर गेला, यावर मुंबईचे आरोग्य अधिकारी जे. ए. टर्नर आणि सरकार यांच्यात मतभेद झाले. दोष कोणाचा, ही चर्चा चालली. परंतु पुन्हा असे घडले तर काय करायचे, याची तयारी झाली नाही. बरेच डॉक्टर युद्धकार्यात गुंतलेले होते.

सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली आणि तिचे स्वरूप भीषण होते. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. फ्लू एरवी वृद्ध आणि बालकांना ग्रासतो; या वेळी मात्र वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे दोन-चार दिवसांत फुप्फुसाच्या दाहाने दगावू लागली. आजाराचे कारण विषाणू आहे, हेही तेव्हा ठाऊक नव्हते. माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढण्यात शास्त्रज्ञांना १९३३ मध्ये यश आले.

आजार एक, परिणाम निराळे

लागण राजवाड्यालाही झाली आणि झोपडीलाही. मृत्यूचा वाटा मात्र समान नव्हता. मुंबईतील नोंदींनुसार युरोपियनांत हजारी सुमारे ८ मृत्यू झाले, तर अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींत हजारी सुमारे ६१. विषाणू तोच होता. फरक होता तो घराच्या आकारात, खिडक्यांत, अन्नात आणि शुश्रूषेत. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्याचे भाव भडकले होते. अर्धपोटी शरीर तापाशी झुंजणार तरी कसे?

हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक संख्येने दगावल्या, ही बाब विशेष विचार करण्यासारखी आहे. घरातील सर्वांना वाढून उरेल ते खाणारी, स्वतः तापाने फणफणत असताना इतरांच्या उशाशी बसणारी आणि स्वतः आडवी झाल्यावर तिला पाणी देण्यास कोणी नसलेली गृहिणी या आकड्यांत दडलेली आहे.

सरकारी यंत्रणा अपुरी पडली तेव्हा सामाजिक संस्था, ज्ञातिमंडळे आणि तरुण स्वयंसेवक पुढे आले. त्यांच्याजवळ रामबाण औषध नव्हते. त्यांनी दूध, पेज, घोंगड्या आणि औषधे घरोघर पोहोचवली. ज्या आजारावर उपचार नाही, त्यात वेळेवर मिळालेले पाणी, अन्न आणि ऊब यांनीही जीव वाचतात.

शंभर वर्षांनंतर

३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये कोविडचा देशातील पहिला रुग्ण आढळला. विषाणू निराळा होता आणि त्याची एक फेरी इन्फ्लुएन्झाहून लांब होती. वाटचाल मात्र ओळखीची निघाली. या वेळी साथ देशात कितपत मुरली आहे, हे मोजण्याचे साधन हाती होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रक्तातील प्रतिपिंडांची देशव्यापी पाहणी चार वेळा केली. २०२० च्या मे-जूनमध्ये एक टक्क्याहूनही कमी लोकांत प्रतिपिंडे आढळली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे प्रमाण सुमारे ६.६ टक्के आणि डिसेंबर-जानेवारीत सुमारे २१ टक्के झाले.

या तिसऱ्या आकड्याचे मर्म ओळखणे आवश्यक होते. पाचांपैकी एकाला आजार होऊन गेला होता, याचाच अर्थ चौघे अद्याप शिल्लक होते. रुग्णसंख्या उतरली होती, म्हणून लग्नसमारंभ आणि सभा पूर्ववत भरू लागल्या. तेवढ्यात डेल्टा हा अधिक वेगाने पसरणारा प्रकार फोफावला आणि मे २०२१ मध्ये एका दिवसात ४ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या पाहणीत प्रतिपिंडांचे प्रमाण ६७ टक्क्यांवर पोहोचले. त्यात लसीकरणाचाही वाटा होता. १९१८ च्या पावसाळ्यात मिळालेला विसावा आणि २०२१ च्या आरंभीचा विसावा यांतील साम्य अस्वस्थ करणारे आहे.

उंबरठ्यावरचा उपाय

साथीचा दर ठरवणारे निर्णय केवळ राजधानीत होत नाहीत. ताप-खोकला असताना कार्यक्रमास न जाणे, रुग्णाच्या खोलीची खिडकी उघडी ठेवणे, खोकताना तोंड झाकणे, वृद्धांपासून काही दिवस अंतर राखणे आणि उपलब्ध लस वेळेवर घेणे, या साध्या गोष्टींनी दोनाचा दर दीडवर येऊ शकतो. आणि त्या दीडाचा अर्थ काय होतो, ते वर पाहिलेच. घरात आजारपण आले तर शुश्रूषेचा भार एकाच व्यक्तीवर पडू न देणे आणि तिच्याही ताटात पुरेसे अन्न आहे ना, हे पाहणे तितकेच मोलाचे आहे.

अडचण एवढीच की, या उपायांचा लाभ आरंभीच सर्वाधिक असतो आणि त्यांची गरज आरंभीच सर्वांत कमी भासते. दहा लाख रुग्ण दिसू लागल्यावर सावध होणे सर्वांनाच जमते. सात शिपाई दाखल झाल्याची बातमी येते तेव्हा सावध होणे कठीण. परंतु हिशेब बदलण्याची खरी वेळ तीच असते.